माळवदाचा साग, काळा ग्रॅनाइट की काच? जेवणाच्या टेबलाच्या टॉपबद्दल

उदगीरच्या एका ताईंनी विचारलंय. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. जेवायला नवं टेबल करायचंय. जुनं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलं तेव्हाच्या तुळया गोठ्यात पडून आहेत, सागाच्या आहेत म्हणतात, आणि टॉप त्यांचाच व्हावा असं सासऱ्यांना मनापासून वाटतं. नवऱ्याला काळा ग्रॅनाइट हवाय. दुकानदार म्हणतो काच घ्या, फडकं मारलं की झालं. घरात पाणी बोअरचं, भांड्यांवर पांढरा थर धरणारं. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, "रोज पुसणार मात्र मीच आहे."

ताई, मी लातुरात फर्निचरचं काम करतो आणि तुमचं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टेबल ठरवताना घरात बोलणं होतं ते दिसण्याचं आणि पैशांचं. ज्या बाईला ते पुढची वीस वर्षं दिवसातून तीनदा पुसायचंय, तिला कुणी विचारत नाही. म्हणून कोणतं मटेरियल चांगलं हे नंतर बघू. आधी हे सांगा की तुमच्या टेबलावर रोज काय सांडणार, किती गरम भांडं येणार आणि सांडलेलं किती वेळ तसंच राहणार?

आत्ता जिथं जेवता तिथं आठ दिवस नुसतं लक्ष ठेवा. कुकर गॅसवरून उतरून थेट जेवणाच्या जागी येतो का? मुलं तव्यावरची भाकरी ताटाबाहेर ठेवतात का? येसराची आमटी, चिंचेचा कोळ, तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी यांचे ओघळ जेवण संपेपर्यंत राहतात की लगेच पुसले जातात? शेतावरून माणसं आली की चार पातेली एकदम मांडावी लागतात का? हे घराघराचं वेगळं असतं, आणि उत्तर त्यावरच फिरतं. त्यामुळे दुरून मी काय सांगतो त्यापेक्षा का सांगतो तिकडे जास्त लक्ष द्या.

आधी तुळयांचं बोलू, कारण ते लाकूड आता बाजारात सहज मिळत नाही. आपल्याकडच्या माळवदांना साग, बाभूळ, कडुलिंब, जे हाताशी असेल ते वापरलेलं असायचं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर लातूर-धाराशिव भागात मातीच्या माळवदाखाली झोपायची लोकांना भीती बसली. पुष्कळ घरं उतरवली गेली आणि तुळया, खांब, फळ्या बाहेर निघाल्या. तेव्हा जुनं आहे म्हणजे सागच असं धरून चालू नका. सुताराला प्रत्येक तुळईच्या एका टोकाला रंधा मारून बघायला सांगा. वरची काजळी निघाली की खाली सोनेरी तपकिरी रंग दिसला, बोट फिरवल्यावर किंचित तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला, तर साग. लाकूड तांबूस, वजनाला फार जड आणि रंध्याला दाद देत नसेल तर बहुधा बाभूळ. तीही टाकून देऊ नका, टेबलाचे पाय तिचे सुरेख होतात.

साग निघाला तरी लगेच आरा मशीनवर नेऊ नका. तुळईच्या वरच्या अंगात पांढऱ्या मातीचे कण घुसलेले असतात, ते पात्याची धार खातात. आत गंजून डोकी तुटलेले खिळे असतात. एक खिळा लागला की आऱ्याचं पातं जातं, म्हणून मशीनवाले जुनं लाकूड घ्यायला कुरकुर करतात आणि त्यांचं चूक नाही. ताराच्या ब्रशनं माती काढा, लोहचुंबक फिरवा, खिळे उपटा, मग न्या. तुळईच्या कडेचा फिकट भाग म्हणजे कच्चं लाकूड, ते सागाचं असलं तरी त्याला कीड लागते. तुळईखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर तो भाग निर्दयपणे कापून टाकायचा. मधल्या गाभ्याला चीर असते, तीही सोडावी लागते. सहा बाय तीन फुटांच्या टॉपला 18 चौरस फूट लागतात, पण जुन्या लाकडात निदान तिसरा हिस्सा वाया जातो हे धरून 27-28 चौरस फूट फळी निघेल एवढा माल हवा. तेवढा निघत नसेल तर ओढूनताणून टॉप करू नका. पाय आणि खालची चौकट त्या सागाची करा. सासऱ्यांचं लाकूड तरी घरात राहील आणि टॉपला दुसरं काही बसवता येईल.

फळ्या चिरल्यावर मध्ये पट्ट्या घालून सावलीत एक-दोन महिने रचून ठेवा. तुळई कितीही वर्षांची असली तरी तिच्या पोटातलं लाकूड पहिल्यांदाच हवेला लागतं, ते थोडं हलतंच. आणि हे हलणं पुढेही थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा अगदी कोरडी, 42-43 अंश तापमान, आणि ऑगस्टमध्ये दारं फुगतात. तीन फूट रुंदीच्या लाकडी टॉपला वर्षभरात दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे होणं साधी गोष्ट आहे. लांबीला लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. म्हणून टॉप चौकटीला चिकटवून किंवा घट्ट स्क्रू मारून बसवला की एक तर मध्ये चीर जाते, नाहीतर कडा वर उचलतात. खालच्या चौकटीत स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही, ताई." तुम्ही मात्र आग्रह धरा. फाटलेले जेवढे सागवानी टॉप माझ्याकडे दुरुस्तीला आले त्यांतल्या बहुतेकांत लाकूड उत्तम होतं, बसवणं चुकलं होतं.

आता मुद्द्याचं. सागाच्या टेबलावर जेवतो असं आपण म्हणतो, पण ताट टेकतं ते पॉलिशवर. हळद, तेल, पाणी, आच यांची गाठ पडते ती त्या पातळ थराशी. थर बरोबर असेल तर साधं लाकूडही टिकतं, चुकीचा असेल तर उत्तम सागाचेही हाल होतात. आपल्याकडे मुख्यतः तीन पॉलिशं चालतात. लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश हाताला मऊ आणि फार देखणं, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, उष्णतेनं मऊ होते आणि ओल्या पेल्याखाली पांढरी पडते. देव्हाऱ्याला, कपाटाला लावा, जेवणाच्या टेबलाला नको. मेलामाईन पॉलिश स्वस्तात कडक होतं, कपाटांना पुरतं. पण जोराचा घाव बसला की तडकतं, आणि पावसाळ्यात मारलं तर दमट हवेनं त्यावर दुधाळ झाक येते. जेवणाच्या टेबलाला दोन डब्यांचं, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. त्यातही मॅट किंवा सॅटिन घ्या, चकचकीत नको. चकचकीत टॉपवर स्टीलच्या ताटाचा प्रत्येक ओरखडा उन्हात उठून दिसतो.

पीयू मारताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्यानं लाकूड पुसून घ्यायचं, नाहीतर थर नीट धरत नाही. टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात मारायचे. खालून कुणाला दिसतंय म्हणून ते वाचवलं जातं, मग खालची बाजू दमट हवा पिते, वरची पीत नाही आणि टॉप वाकतो. आणि पॉलिश हाताला कोरडं लागलं तरी आतून पक्कं व्हायला आठवडाभर जातो, तोवर त्यावर जेवायला बसायचं नाही. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा. हवा कोरडी असते, ऊनही बेताचं असतं.

काही जण जवसाचं तेल पाजून लाकूड नैसर्गिक ठेवा असं सुचवतात. जवस आपल्याच भागातलं, दिसतंही सुंदर, पण कच्चं तेल वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं, तोवर धूळ धरतं, आणि गरम वरणाचं पातेलं त्यावर चालत नाही. तुमच्या घराला ते सोयीचं नाही. तरी कुणी करणार असेल तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा, मग टाका.

आता डागांबद्दल, आणि सगळ्यात आधी हळद. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आमटीवरचा तवंग जिथं बसतो तिथं पिवळं राहतं आणि नुसत्या पाण्याच्या फडक्यानं ते पसरत जातं. त्यावर धुण्याचा साबण किंवा सोडा घासला की डाग एकदम लालसर होतो. बायका घाबरतात, पॉलिश जळालं म्हणतात. तसं नसतं, साबण-सोड्याच्या चुन्यासारख्या गुणानं हळद लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत तीच. करायचं असं: खायच्या तेलाचा कापसाचा बोळा डागावर हलक्या हातानं फिरवा, हळद तेलात उतरते. मग भांड्यांच्या पातळ साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग साधं ओलं, शेवटी कोरडं. तरी पिवळी झाक राहिली तर तिथं दोन-चार दिवस ऊन पडू द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो. टेबल खिडकीजवळ असेल तर ते काम आपसूक होतं. घासणी, तारेचा काथ्या, पावडर यांना टॉपजवळ येऊ देऊ नका, मग तो लाकडाचा असो की सनमायकाचा.

दुसरं पाणी. तुमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार पाणी सुकल्यावर मागे राहतो. तांब्याखाली उमटणारं पांढरं कडं ते हेच. काळ्या ग्रॅनाइटवर आणि काचेवर ते सगळ्यात जास्त दिसतं, मध्यम तपकिरी सागावर सगळ्यात कमी. तुमच्या निवडीत याचं वजन मोठं आहे, कारण काळा ग्रॅनाइट दुकानात कोरडा असतो आणि तुमच्या घरी तो बोअरच्या पाण्यानं पुसला जाणार. उपाय औषधाचा नाही, सवयीचा आहे: शेवटचा हात नेहमी कोरड्या सुती फडक्याचा. आरओचं फिल्टर असेल तर त्याचं टाकाऊ पाणी बरेच जण जपून ठेवतात आणि पुसायला वापरतात. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात पाणी जपणं बरोबरच आहे. पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेला असतो. ते फरशीला, संडासाला वापरा. टेबलासाठी अर्धा तांब्या गाळलेलं पाणी पुरतं.

ग्रॅनाइटबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं चुकीचं नाही. गरम कुकर, लिंबू, चिंच, हळद हे सगळं तो निमूट सोसतो. पण तो खरा ग्रॅनाइट असला तर. दुकानात काळ्या दगडावर पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून घासा, काळं उतरलं तर दगड रंगवलेला आहे. तुकड्यावर लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा, चमक गेली तर तो चुनखडीच्या जातीचा, म्हणजे संगमरवराचा भाऊबंद. मकराण्याचा संगमरवर असो, कोटा असो की शहाबादी, आंबट पडलं की ते खातंच, आणि आपल्या जेवणात लिंबू, चिंच, ताक रोजचंच. म्हणून पांढरा संगमरवर जेवणाच्या टेबलाला मी कुणालाच सुचवत नाही, कितीही शोभला तरी. पाण्याचा थेंब टाकूनही बघा. थोड्या वेळात खाली गडद डाग उमटला तर दगड पाणी पितो, त्याला सीलर लागेल आणि तो अधूनमधून पुन्हा मारावा लागेल.

वजनाचा हिशोबही घाला. 18 मिलिमीटर जाडीचा सहा बाय तीनचा ग्रॅनाइट साधारण 80 किलो भरतो. एकदा ठेवला की झाडायलासुद्धा हलत नाही, आणि खाली चौकट तशीच दणकट लागते. काचेचा पेला, चिनी मातीची बशी हातातून निसटली तर दगडावर वाचत नाही. थंडीत सासऱ्यांना त्यावर कोपर टेकून पेपर वाचणं सुखाचं होणार नाही. कोपऱ्याचा टवका उडाला तर तो भरता येतो, पण दिसायचा राहत नाही. दगडच घेणार असाल तर चारही कोपरे गोल करून घ्या, पळापळीत मुलं नेमकी कोपऱ्यांवरच आदळतात. बाजारात क्वार्ट्ज म्हणून जो कारखान्यातला दगड मिळतो त्यात राळ असते, त्यावर गरम कुकर ठेवायचा नाही.

काचेबद्दल थोडक्यात. 12 मिलिमीटरची टफन केलेली काच मजबूत असते, फुटली तर बारीक दाणे होतात, मोठे धारदार तुकडे होत नाहीत. पण तिची कड नाजूक, तिथं स्टीलचं पातेलं आपटलं तर अख्खी काच जाऊ शकते. फडकं मारलं की झालं हे दुकानदाराचं म्हणणं तुमच्या पाण्यात आणि आपल्या धुळीत खरं ठरत नाही. प्रत्येक बोट, प्रत्येक थेंब दिसतो. तुम्हाला ती नको.

लाकडाच्या टॉपवर काच टाकू का, हे पुष्कळ जण विचारतात. लाकडावर थेट टेकलेल्या काचेखाली पाणी शिरतं आणि निघत नाही, महिन्याभरात पांढरी बुरशीची नक्षी दिसते. टाकायचीच तर खाली रबरी बटणं लावून हवेला जागा ठेवा. आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकची शीट मात्र मुळीच नको. तिला मऊ ठेवणारं द्रव्य पॉलिशमध्ये उतरतं, आपल्या उन्हाळ्यात पॉलिश चिकट होतं आणि शीट उचलली की थर सोबत निघतो. टॉप जपण्यासाठी घातलेल्या शीटनंच टॉप गेलेला मी वारंवार पाहिलाय. सुती कापड घाला, ओलं झालं की काढा.

सनमायकाला लोक कमी लेखतात. मला ते पटत नाही. आयएस 710 चा शिक्का असलेल्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर 1 मिलिमीटरचा मॅट सनमायका, खालच्या बाजूनंही पातळ शीट आणि चारी कडांना सागाची भरीव पट्टी, असा टॉप लहान मुलांच्या घरात फार समाधान देतो. लिंबानं त्याला काही होत नाही, तेलाचं फडकं सहन करतो. त्याला दोन शत्रू: कडेतून शिरणारं पाणी आणि थेट ठेवलेला कुकर. आचेनं खालचा डिंक सुटतो आणि फुगा येतो, तो पुन्हा बसत नाही. प्लायऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड देतील, तो घेऊ नका, एकदा पाणी प्यायला की फुगून तसाच राहतो. खोल रेषांचा टेक्स्चर असलेला सनमायकाही नको, त्या रेषांत वरण वाळतं आणि मग तुम्हाला घासणी घ्यावीशी वाटते.

आता माझं मत. तुळया साग निघाल्या आणि पुरेसा माल निघाला, तर मी सागाचाच टॉप करीन. सव्वा इंची फळी, मध्यम तपकिरी रंग, मॅट पीयू. याचं मुख्य कारण दुरुस्ती. कुणी पेटती उदबत्ती टेकवली, कुणी कुकर ठेवला, मुलांनी कंपासनं नाव कोरलं, तरी आठ-दहा वर्षांनी वरचा थर घासून काढायचा, नव्यानं पॉलिश मारायचं की टॉप पुन्हा उभा राहतो. ग्रॅनाइटचा टवका आणि सनमायकाचा फुगा असा निघत नाही. आणि ज्या छपराखाली सासरे वाढले त्या लाकडावर नातवंडं जेवतील, हे मला तुमच्या प्रश्नातलं फार मोलाचं वाटतं.

एक अट मात्र आहे. गरम भांड्याखाली चुंबळ किंवा अडणी ठेवायची शिस्त घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवी, तुम्ही एकटीनं नाही. आठ दिवसांच्या निरीक्षणात दिसलं की ती शिस्त लागणं कठीण आहे, कुकर थेट येणारच, तर सागाचे पाय, सागाची चौकट आणि वर खरा काळा ग्रॅनाइट, तोही चकचकीत नको, मॅट घासलेला. त्यावर क्षाराचं कडं कमी उठून दिसतं.

काम देण्याआधी एवढं करा. तुमच्याच तुळईची हातभर फळी घेऊन मिस्त्रीकडून तिला तेच पॉलिश, तेवढेच हात मारून घ्या आणि आठवडाभर वाळू द्या. मग रात्री तिच्यावर एका ठिकाणी येसराच्या आमटीचा तवंग, एका ठिकाणी लिंबाची फोड, एका ठिकाणी बोअरच्या पाण्याचा ओला पेला आणि एका ठिकाणी वाफाळत्या चहाचा कप ठेवा. सकाळी वर सांगितलं तसं पुसा. काय राहतं ते सासऱ्यांना आणि यजमानांना दोघांनाही दाखवा. कड्याचा किंवा हळदीचा डाग निघाला नाही, तर मिस्त्रीला पॉलिश बदलायला सांगा आणि नवी फळी मागा. टॉपला हात लावायची परवानगी त्यानंतरच द्या.